गोचीड, लेकरू आणि डॉक्टरांना सांगायचे एक वाक्य

(जयसिंगपूर येथील महिला व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांनी मला 'बालकांचे आरोग्य' असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय पाऊण तासात मांडायचा म्हणजे लस टोचून घ्या, हात धुवा, पालेभाज्या खा, एवढेच बोलून होणार. ते तर तुम्ही माझ्या तोंडून मी नोकरीत असल्यापासून ऐकत आला आहात. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बारीक केला. इतका बारीक केला की तो तिळाएवढा झाला आहे. मी आज गोचिडीवर बोलणार आहे.

मागच्या रांगेतल्या काकी हसल्या. साहजिक आहे. गोचीड म्हटली की आपल्याला म्हैस आठवते, कुत्रे आठवते, लेकरू आठवत नाही. मलाही आठवत नव्हते. आणि त्याच चुकीची गोष्ट मला आधी सांगायची आहे, कारण ती चूक माझी स्वतःची आहे. मी आरोग्यसेविका असताना झालेली आहे.

सहा वर्षांची एक मुलगी. नाव सांगत नाही, आता ती कॉलेजला जाते. उन्हाळ्याचे दिवस. तिला ताप आला म्हणून तिची आजी मला घरी बोलवायला आली. ताप चांगला सणसणीत होता, डोके दुखत होते. मी पॅरासिटॅमॉल दिले, पाणी पाजायला सांगितले. चौथ्या दिवशी अंगावर लाल ठिपके उठले. आजी म्हणाली, "बाई, गोवर हाय. लिंबाचा पाला आणलाय." मीही मान हलवली. ठिपके मनगटावर आणि घोट्यावर आधी उठले होते, तळहातावरसुद्धा होते. मुलीला ना खोकला, ना नाक वाहत होते, ना डोळे लाल होते. हे सगळे मी पाहिले, पण पाहून विचार केला नाही. सहाव्या दिवशी मुलगी ग्लानीत गेली तेव्हा तिला मिरजेला नेले. तेथील डॉक्टरांनी तिचे तळपाय पाहिले आणि आजीला एकच प्रश्न विचारला, "घरात कुत्रे आहे का?"

कुत्रे घरात नव्हते, पण गल्लीतल्या कुत्रीने यांच्या जिन्याखाली पिल्ले घातली होती आणि ही मुलगी दिवसभर ती पिल्ले मांडीवर घेऊन बसायची. मग आजीला आठवले. आठ-दहा दिवसांपूर्वी वेणी घालताना मुलीच्या मानेवर केसांच्या मुळाशी गोचीड सापडली होती. आजीने ती नखाने उपटली आणि चुलीत टाकली. विषय संपला. कोणाला सांगण्यासारखे त्यात होते तरी काय?

त्या दिवशी औषध सुरू झाले आणि दोन दिवसांत ताप उतरला. मुलगी वाचली. काळसर डाग मात्र बरेच आठवडे राहिले. त्या सहा दिवसांत मी चार वेळा त्या घरी गेले होते आणि एकदाही विचारले नव्हते की बाई, हिला काही चावले होते का?

त्या आजाराला डॉक्टर लोक इंडियन टिक टायफस म्हणतात. विषमज्वराचा टायफॉइड तो वेगळा, हा वेगळा. रिकेट्सिया नावाचे अतिसूक्ष्म जंतू असतात, ते गोचिडीतून माणसाच्या रक्तात जातात आणि बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणतात. म्हणून ठिपके. हा आजार काही परदेशी नाही. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांमध्ये तो पुन्हा पुन्हा पाहिला आहे, त्यावर लिहिले आहे. इंग्रजी पुस्तकांत गोचिडीच्या चाव्यावर जे सापडते ते बहुतेक लाइम नावाच्या आजाराविषयी असते. तो प्रामुख्याने अमेरिका-युरोपकडचा. चाव्याभोवती कुंडलासारखे लाल वर्तुळ उठते म्हणे. आपल्याकडच्या आईने ते वर्तुळ शोधत बसू नये. तिने लेकराचे मनगट, घोटा, तळहात, तळपाय पाहावेत.

आता तुमच्यातल्या ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांना मी एक प्रश्न विचारते. संकरित गाईला ताप आला, तिने वैरण सोडली, खांद्याजवळच्या गाठी सुजल्या, की तुम्ही काय म्हणता? "गोचीडताप दिसतोय." लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करता, आणि फोनवरच सांगता, "डॉक्टर, गोचिड्या लय झाल्यात." गाईच्या बाबतीत हे आपल्याला न शिकवता कळते. लेकराच्या बाबतीत का कळत नाही? गाय दूध देते म्हणून असे मी म्हणणार नाही, पण एकदा मनात येऊन गेले खरे.

असो. आधी हा प्राणी समजून घेऊ. गोचीड हा किडा नव्हे, तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला आहे. तिला आठ पाय असतात. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली मात्र सहा पायांची असते आणि मोहरीपेक्षाही बारीक. तिला पंख नाहीत, तिला उडी मारता येत नाही. गवताच्या टोकावर नाही तर भिंतीवर पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते. जवळून काही ऊबदार गेले की त्याला धरते. गोठ्यातल्या जनावरांवरची नेहमीची गोचीड आपल्या वाढीच्या साऱ्या अवस्था एकाच जनावरावर काढते. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीचे तसे नसते. ती रक्त पिऊन खाली उतरते, फरशीच्या सांध्यात, भिंतीच्या फटीत, जिन्याखाली शिरते, तेथे कात टाकते आणि पुन्हा नवे अंग शोधायला निघते. शेवटी मादी अंडी घालते, तीही फटीतच, आणि ती हजारांच्या घरात असतात. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर तुम्हाला ज्या वीस दिसतात त्या थोड्या. बाकीच्या तुमच्या भिंतीत बसल्या आहेत.

शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेले हे गाव. सरळ, रुंद, नंबराच्या गल्ल्यांचे. या गल्ल्यांत आज दोन-तीन मजली घरे झाली, तरी मागच्या बाजूला एखादी म्हैस असतेच, आणि कुत्र्यांचे तर विचारूच नका. गाव सोडले की ऊसच ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची माणसे येतात, त्यांच्या कोप्या पडतात. कोपीच्या दाराशी बैल, बैलाशेजारी पटकूर टाकून लेकरू झोपलेले. 2019 च्या महापुरात आपण काय पाहिले? शिरोळ तालुक्यातली नदीकाठची माणसे जनावरांसकट बाहेर निघाली. माणूस आणि जनावर एका छपराखाली राहिले. तेव्हा कोणाला गोचीड शोधायला सवड होती? तरीही लेकरांच्या अंगावरून रोज एकदा हात फिरवणे एवढे तरी जमण्यासारखे असते.

आता लेकराच्या अंगाला चिकटलेली गोचीड काढायची कशी, हा आजचा मुख्य भाग. यावर आपल्याकडे जेवढी माणसे तेवढे उपाय आहेत. कोणी रॉकेल लावते, कोणी चुना, कोणी तंबाखू, कोणी मिश्री. एका मामाने भाच्याच्या मांडीवरच्या गोचिडीला विडीचा चटका दिलेला मी पाहिला आहे. गोचीड मेली आणि मुलाला फोड आला. हे सगळे उपाय एकाच समजुतीवर उभे आहेत की गोचिडीला त्रास दिला की ती आपणहून सोडते. ती लवकर सोडत नाही. तिच्या तोंडाला मागे वळलेले काटे असतात, शिवाय बऱ्याच जातींच्या गोचिड्या डिंकासारखा चिकट पदार्थ सोडून तोंड कातडीत पक्के बसवतात. तिला चटका द्या, गुदमरवा, तेलात बुडवा, ती पोटातले पाणी आणि लाळ उलट लेकराच्या अंगात सोडण्याचा धोका वाढतो. आणि त्या लाळेतच जंतू असतात.

तेव्हा साधी गोष्ट करायची. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, काटा काढायचा असतो तो किंवा भुवया कोरायचा. उजेडात बसायचे. गोचिडीचे फुगलेले पोट धरायचे नाही. चिमट्याची टोके लेकराच्या कातडीला लागतील इतकी खाली न्यायची आणि गोचिडीला तोंडाजवळ धरायचे. मग सरळ वर, एकसारखे, सावकाश ओढायचे. झटका द्यायचा नाही, पिळायचे नाही. कातडी थोडी वर उचलली जाते, तेव्हा घाबरून सोडायचे नाही, तसेच धरून ठेवायचे. थोड्या वेळात ती सुटते. चिमटा नसेल तर शिवणाच्या दोऱ्याचा फास तिच्या तोंडाभोवती कातडीलगत आवळून तसाच वर ओढता येतो. तेही नसेल तर बोटांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून धरायचे, पण उघड्या बोटांनी नाही. तोंडाचा तुकडा आत राहिला तर चिमट्याने सहज निघत असेल तेवढा काढा. निघत नसेल तर सुईने कोरत बसू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. कोरल्याने मात्र जखम पिकते.

नंतर जागा साबण-पाण्याने धुवायची, आपले हात धुवायचे. आणि काढलेली गोचीड नखावर नख ठेवून चिरडायची नाही. ही सवय आपल्याला फार आहे. टच् असा आवाज आला की समाधान वाटते. मुले तर म्हशीच्या गोचिड्या काढून दगडाने ठेचायचा खेळ करतात. जानेवारी 2011 मध्ये गुजरातमध्ये अहमदाबाद जिल्ह्यात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप नावाचा आजार भारतात पहिल्यांदा सिद्ध झाला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, तशी गोचीड हाताने चिरडल्यानेही होतो, जनावराच्या आणि रोग्याच्या रक्तातूनही होतो. तिथे आजारी बाई गेलीच, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. मी त्याच पेशातली, म्हणून ती बातमी माझ्या मनातून जात नाही. तो आजार आपल्या गल्लीत आला आहे असे मी म्हणत नाही. पण चिरडण्याची गरजच काय? चिकटपट्टीत गुंडाळा, किंवा घट्ट झाकणाच्या बाटलीत थोडे स्पिरिट घालून त्यात टाका. बाटलीवर तारीख लिहा. पुढे ताप आला तर डॉक्टरांना दाखवायलाही ती उपयोगी पडते.

कानातली गोचीड हा वेगळा प्रकार आहे. मूल रात्री अचानक कान धरून रडते, कानात टकटक वाजते म्हणते. तेथे हेअरपिन, काडी, चिमटा काहीही घालू नका. ती कधी कधी पडद्याला चिकटलेली असते, ओढाओढीत पडदा फाटतो. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. सांगली-मिरज आपल्याला काही लांब नाही.

गोचीड निघाली म्हणजे काम संपले असे समजू नका. खरे काम पुढचे दोन-तीन आठवडे असते, आणि ते काम फक्त लक्ष ठेवण्याचे आहे. भिऊन जाऊ नका. गोचीड चावलेल्या बहुतेक मुलांना काहीही होत नाही. चार दिवस खाज सुटते, बारीक गाठ राहते, संपले. म्हणून चावल्याबरोबर कोणते औषध द्या असे मी सांगणार नाही. पण कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो, गॅस सिलिंडर कधी लावला ते लिहितो, त्याच चौकोनात 'गोचीड' एवढे लिहा. तेवढ्या काळात ताप आला, डोके दुखले, अंगावर ठिपके उठले, चाव्याच्या जागी काळी खपली धरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा, "डॉक्टर, अमुक तारखेला याच्या अंगावर गोचीड सापडली होती."

या एका वाक्यावर मी एवढा भर का देते? कारण या तापाची रक्ततपासणी सगळीकडे होत नाही, आणि जेथे होते तेथेही पहिल्या आठवड्यात ती बऱ्याचदा काही दाखवत नाही. रिपोर्टची वाट पाहिली तर दिवस हातचे जातात. जाणते डॉक्टर संशयावरूनच औषध सुरू करतात, आणि तो संशय येण्यासाठी त्यांना तुमचे ते वाक्य लागते. औषध जुने आणि स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन. नेहमीच्या तापाची महागडी इंजेक्शने येथे कामाची नाहीत. पूर्वी आम्हाला शिकवलेले असायचे की आठ वर्षांखालच्या मुलाला हे औषध द्यायचे नाही, दात पिवळे पडतात. आता तज्ज्ञ सांगतात की या आजाराचा संशय असेल तर लहान मुलालाही थोड्या दिवसांसाठी ते द्यावे, दातांना धोका दिसत नाही, आणि न देण्याचा धोका फार मोठा आहे. पण हे ऐकून कोणी दुकानातून गोळ्या आणून घरीच सुरू करू नका. मात्रा वजनावर असते, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

याच औषधाने बरा होणारा याचा एक भाऊ आहे, स्क्रब टायफस. तो गोचिडीने नव्हे, तर झुडपातल्या माइट नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या पिल्लाने होतो. 2018 साली नागपूर भागात त्याची साथ आली होती. त्यातही चाव्याच्या जागी काळी खपली दिसते, विडीने चटका दिल्यासारखी. ती काखेत, जांघेत लपलेली असते. म्हणून तापाच्या मुलाचे सगळे कपडे काढून अंग पाहावे.

आता कोकणाकडे वळते, कारण मे महिन्याच्या सुट्टीत आपली मुले तिकडे जातात. कोणाचा मामा सावंतवाडीकडे, कोणाची आत्या चंदगडला, आणि चंदगडहून तिलारी घाट उतरला की दोडामार्ग. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडीतून येतो. आपण त्याला माकडताप म्हणतो. बरीच वर्षे तो तिकडेच होता. 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गला तो आला, पुढे बांद्याकडेही दिसला. काजूच्या बागेत काम करणारी, रानातला पातेरा गोळा करून आणणारी माणसे त्यात सापडली. डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत त्याचा काळ, म्हणजे नेमका काजूचा आणि सुट्टीचा. शंभर रोग्यांत तीन ते पाच दगावतात. या तापावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही, कारण हा विषाणू आहे. नेमके औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, अशी काळजी वेळेवर मिळाली तर रोगी बरा होतो. कर्नाटकात जुनी लस दिली जात होती, ती पुरेशी गुणकारी नसल्याने 2022 मध्ये थांबवली.

तेव्हा सुट्टीत मुले पाठवताना मामाला सांगून ठेवा. मेलेले वानर दिसले तर मुलांनी जवळ जायचे नाही, मोठ्यांनी हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यात खोचलेला. पातेऱ्याच्या ढिगावर लोळायचे नाही. तिथली आंघोळ झाली की केस, कानामागे, मान, काख, बेंबी, चड्डीच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्यामागे पाहायचे. कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाकायचे. आणि परत आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप, अंगदुखी, उलट्या झाल्या, नाका-हिरड्यांतून रक्त आले, तर इथल्या डॉक्टरांना "हा कोकणातून आलाय" हे आधी सांगायचे. अॅस्पिरिन, ब्रुफेनसारखी गोळी आपल्या मनाने द्यायची नाही.

घरच्या बंदोबस्ताचे थोडक्यात सांगते. गोठ्याच्या आणि जिन्याखालच्या फटी सिमेंटने नाही तर मातीने तरी बुजवा. पाळलेल्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घ्या आणि त्याला अंथरुणात घेऊ नका. मुलांनी कुत्र्याच्या पिल्लांशी खेळूच नये असे मी म्हणत नाही. म्हटले तरी ती ऐकणार नाहीत. खेळून आल्यावर पाहायचे.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. गोठ्यात फवारायचे गोचिडीचे औषध, सायपरमेथ्रिन असो, डेल्टामेथ्रिन असो, अमिट्राझ असो, ते विष आहे. ते लेकराच्या डोक्याला उवांसाठी म्हणून चोळलेले मी ऐकले आहे. आणि उरलेले औषध सरबताच्या नाही तर थंड पेयाच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवलेले तर मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांच्या पोराला रंगीत पाणी म्हणजे सरबतच. गोचिडीने जेवढी मुले दवाखान्यात जात नसतील तेवढी या बाटलीने जातील. मूळ डब्यातच ठेवा, कुलपात ठेवा, आणि तोंडात गेलेच तर ओकारी काढत बसू नका. डब्यासकट दवाखाना गाठा.

माझे बोलणे झाले. मी येताना सहा चिमटे आणले आहेत आणि एका जुन्या साडीच्या तुकड्यावर मोहरीएवढे काळे मणी एकेका टाक्याने शिवून आणले आहेत. चहाच्या वेळी ते त्या खिडकीजवळच्या टेबलावर मांडते. मणी कापडालगत धरून, टाका न झटकता सरळ वर ओढून पाहा. ज्यांना जवळचा चष्मा आहे त्यांनी तो लावूनच या.